झाडांच्या शेंड्यांतून जाणारा तो डुलणारा पूल: पडत कसा नाही, आणि वर जाऊन बघायचं काय

हल्ली एक व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, तुमच्याही मोबाईलवर येऊन गेला असेल. दाट जंगल, दोन अजस्र झाडं, त्यांच्या मधे दोरखंडांवर टांगलेली जेमतेम पाऊल मावेल एवढी फळी, आणि त्या फळीवरून कोणीतरी जीव मुठीत धरून चाललंय, पूल डावीउजवीकडे डुलतोय, मागचे लोक खिदळतायत. तो बघून लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. एवढा हलतोय म्हणजे पडणार नाही का? झाडाला खिळे ठोकलेत का? आणि एवढा घाम गाळून वर गेल्यावर दिसतं तरी काय?

मी अशा एका पुलावर जाऊन आलोय, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात काकुम नॅशनल पार्क आहे तिथे. आणि खरं सांगतो, सातातले पहिले तीन पूल मी फक्त स्वतःचे बूट बघत पार केले. वर काय होतं, कुठल्या झाडावर उभा होतो, काही पत्ता नाही. चौथ्या पुलाच्या आधीच्या माचीवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या फळ्यांच्या ओट्यावर, जरा दम खायला थांबलो तेव्हा कुठे डोकं वर केलं. नंतर घरी येऊन वाचलं, इंजिनिअर मित्राचं डोकं खाल्लं, आणि मग लक्षात आलं की ज्या गोष्टीला मी घाबरत होतो ती घाबरण्यासारखी नव्हती आणि जे बघायला गेलो होतो ते माझ्या खांद्याशेजारीच होतं.

## आधी इमारत समजून घ्या

वर्षावन म्हणजे जिथे जवळजवळ वर्षभर पाऊस असतो असं जंगल. उष्ण प्रदेशातल्या वर्षावनात वर्षाला साधारण २००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पण पाऊस हा अर्धाच भाग, खरी गंमत उंचीत आहे. या जंगलाला मजले असतात. सगळ्यात खाली जमीन, त्यावर झुडपं आणि लहान झाडं, त्यावर मोठ्या झाडांचे माथे एकमेकांना भिडून तयार झालेलं हिरवं छत, आणि त्या छतातूनही डोकं बाहेर काढलेली काही उंच झाडं. त्या हिरव्या छताला कॅनपी म्हणतात आणि त्यातून जाणाऱ्या पुलाला कॅनपी वॉकवे. बस, एवढेच दोन शब्द लक्षात ठेवा.

आता एखादी उंच इमारत डोळ्यासमोर आणा जिच्यात सूर्यप्रकाश फक्त गच्चीतून आत येतो, बाजूला खिडकी एकही नाही. वरच्या मजल्यावर लख्ख ऊन, खालच्यावर थोडं कमी, आणि तळघरात जवळपास अंधार. वर्षावनात जमिनीपर्यंत पोचणारा प्रकाश वरच्याच्या एक-दोन टक्के असतो, तेवढाच. आणि झाडाचं सगळं अन्न तर उन्हावरच शिजतं. म्हणजे स्वयंपाक वरच्या मजल्यावर, पानं फुलं फळं तिथेच, फळं खाणारी माकडं तिथेच, किडे तिथेच, किडे खाणारे पक्षीही तिथेच. अंदाज वेगवेगळे आहेत, पण वर्षावनातल्या निम्म्याहून जास्त प्रजातींचा संसार वर चालतो असं अभ्यासक मानतात.

म्हणून तर माणूस पहिल्यांदा वर्षावनात जातो आणि हिरमुसतो. त्याला वाटलेलं असतं हिरवागार रंगीबेरंगी पसारा असेल, आणि प्रत्यक्षात खाली कुबट अंधार, ओली पानं, खांबांसारखी खोडं आणि वरून कुठूनतरी येणारे आवाज. तो तळघरात फिरत असतो आणि पार्टी चाललेली असते दहाव्या मजल्यावर.

## मग वरचं कळलं कसं?

बराच काळ कळलंच नाही. खालून दुर्बिणीने बघायचं, वाऱ्याने पडलेल्या फांद्या तपासायच्या, नाहीतर सरळ झाड तोडायचं आणि आडवं झालं की मोजायचं. म्हणजे सोसायटीत कोण राहतं हे बघायला बिल्डिंग पाडण्यातला प्रकार. मलेशियात काही संशोधकांनी झाडांमधे पूल बांधून वरच्या प्राण्यांचा अभ्यास सुरू केला आणि त्या पद्धतीबद्दल १९७० मधे सायन्स या नियतकालिकात लिहिलं. थोडक्यात हे पूल आधी शास्त्रज्ञांचं हत्यार होते, पर्यटक फार नंतर आले.

वर नक्की किती गर्दी आहे याचा धक्का बसला तो १९८२ मधे. टेरी एर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले किडे गोळा केले. नुसते भुंगेरेच निघाले अकराशेच्या वर जातींचे. त्यावरून त्याने हिशोब मांडला की उष्ण प्रदेशातल्या कीटक-कोळी वगैरे संधिपाद प्राण्यांच्या जाती तीन कोटी असू शकतात. तोपर्यंत लोक लाखांत बोलत होते. पुढे हा आकडा बराच खाली आणला गेला, त्याच्या हिशोबातली गृहीतकं जरा सढळ हाताने धरलेली होती, पण प्रश्न मात्र कायमचा बदलला.

मला स्वतःला त्याहून आवडलेली गोष्ट आहे १९८१ ची. नलिनी नाडकर्णी या संशोधक झाडांवर चढून काम करायच्या. फांद्यांच्या बेचक्यात वाळकी पानं, शेवाळ, धूळ साठून तिथे चक्क माती तयार होते, जमिनीपासून कितीतरी वर. नाडकर्णींना दिसलं की काही झाडं आपल्याच फांदीतून मुळं काढून ती या वरच्या मातीत सोडतात. म्हणजे आपल्याच खांद्यावर साठलेलं खत आपणच खायचं. खाली उभं राहून हे शंभर वर्षं बघितलं असतं तरी दिसलं नसतं.

## पूल एकाच प्रकारचे नसतात

व्हिडिओमधे सगळे सारखेच वाटतात, पण टांगलेत कशावर हे बघितलं की तीन प्रकार सरळ वेगळे होतात.

पहिला प्रकार म्हणजे झाडांवरच टांगलेला. काकुमचा असा आहे, १९९५ मधे सुरू झाला, सात पूल मिळून साधारण ३५० मीटर, जमिनीपासून ३० ते ४० मीटर वर. मलेशियातल्या तामन नेगाराचाही याच जातीचा. दुसरा प्रकार लोखंडी मनोऱ्यांवर टांगलेला. रवांडातल्या न्यूंग्वे नॅशनल पार्कमधला २०१० पासूनचा पूल असा आहे, १६० मीटर लांब आणि दरीवरून जातो त्यामुळे खाली पन्नास मीटरपेक्षा जास्त पोकळी. ब्रुनेईतल्या उलू तेंबुराँगमधेही मनोरेच आहेत. तिसरा प्रकार टांगलेला नसतोच, खांबांवर उभा केलेला कडक रस्ता. ऑस्ट्रेलियात डॉरिगो नॅशनल पार्कमधे ७० मीटर लांबीचा असा रस्ता डोंगरउतारावरून सरळ पुढे निघतो आणि टोकाला तुम्ही जंगलाच्या २१ मीटर वर असता. त्यावर आजीआजोबाही आरामात जातात.

झाडांवर टांगलेल्या पुलाला लागतात धडधाकट, म्हातारी न झालेली, नेमक्या अंतरावरची उंच झाडं, आणि तशी सोयीने उभी असतील तर नशीब. मनोरा कुठेही उभा करता येतो पण पाया खणावा लागतो, सामान आणावं लागतं. तिसऱ्याला तर अजूनच जास्त बांधकाम. यावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधे भारी डोकं लढवलंय. मार्च २००६ मधे तिथे लॅरी नावाचं चक्रीवादळ आलं, जंगलात झाडं आडवी झाली आणि मोकळ्या जागा पडल्या. वूरूनूरन नॅशनल पार्कमधला मामू स्कायवॉक त्या पडझडीच्या जागा वापरून बांधला, २००८ मधे उघडला, ३५० मीटरची उंचावरची वाट आणि शेवटी ३७ मीटरचा मनोरा. वादळाने आधीच पाडलंय ना, मग आपण नवीन कशाला पाडा.

## हलतो का? कारण दोरीला झोळ ठेवलाय

आता मुख्य प्रश्न. हे समजायला कपडे वाळत घालायची दोरी पुरते.

दोरी एकदम ताठ, सरळ रेषेत बांधून बघा आणि मधोमध एक पिळलेली ओली चादर टाका. एकतर दोरी तुटते नाहीतर भिंतीतला खिळा उपसून येतो. तीच दोरी जरा सैल, मधे झोळ देऊन बांधा, चादर आरामात राहते. वजन तेच, दोरी तीच. फरक एवढाच की सरळ दोरीला वर ओढायची ताकदच नसते, ती ओढते आडवी. चादरीचं वजन तोलायला वरच्या दिशेचा जोर लागतो, आणि तो मिळवायला दोरीला स्वतःला प्रचंड ताणून घ्यावं लागतं. झोळ दिला की दोरी तिरकी होते, तिरकी झाली की थोड्या ताणातही वर उचलू शकते.

आकडे टाकून बघू. काकुमचे सात पूल मिळून ३५० मीटर म्हणजे सरासरी ५० मीटरचा एक पूल. पुलाचं स्वतःचं वजन सोडून देऊ, फक्त ७० किलोचा एक माणूस मधोमध उभा आहे असं धरू. दोर फक्त १ मीटर खाली झुकलेला असेल तर दोरात ताण येतो साधारण ८७५ किलोचा. तोच दोर ५ मीटर झुकू दिला तर ताण १८० किलोच्या आत. ७० किलोच्या माणसासाठी ८७५ किलो! मी हा हिशोब दोनदा केला कारण पटेना. आणि हा ताण जातो कुठे, तर दोन्ही टोकांच्या झाडांवर, आडवा, झाडाला एकमेकांकडे ओढत. म्हणून झोळ हवाच, आणि म्हणूनच झाडांना उलट्या बाजूनेही दोर बांधून ओढून धरलेलं असतं, तंबूला तणावे असतात तसे.

झोळ आला की हलणं आलंच. सैल दोरी झोक्यासारखी वागणार, त्यात बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा नाही. एखादा टांगता पूल पावलागणिक अजिबात हलला नाही तर मी उलट विचारेन की बाबा तुमचा ताण किती आहे.

काकुमच्या पुलाची रचना जवळून बघितली तर अगदी साधी आहे. खाली आडवी ठेवलेली ॲल्युमिनियमची शिडी, होय, आपली भिंतीला लावायची असते तसलीच लांबलचक, तिच्या पायऱ्यांवर लाकडी फळी, दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत उंच जाळी आणि वर हाताला धरायला दोर. म्हणजे तुम्ही चालता एका लांब झोळीच्या तळातून. तोल गेला तरी जाळीत कलंडाल, बाहेर पडायला मुद्दाम चढून जावं लागेल. हे खाली उभं राहून दिसत नाही, व्हिडिओत तर नाहीच नाही, कारण कॅमेरा नेहमी वरून पायांकडे धरलेला असतो.

## "एका तालात चालू नका" हे का सांगतात

जवळपास प्रत्येक ठिकाणी सांगतात की एकावेळी ठराविक माणसंच जा, अंतर ठेवा, उड्या मारू नका, पाय मिळवून चालू नका. वजन हे एक कारण आहेच. दुसरं कारण झोक्याचं आहे. झोक्यावरच्या पोराला बरोबर वेळ साधून हलका हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो, जोर लागत नाही, वेळ लागते. प्रत्येक पुलाचा हलायचा स्वतःचा एक वेग असतो आणि पावलांचा ताल नेमका त्याला जुळला की प्रत्येक पाऊल एक धक्का होतं.

१८३१ मधे इंग्लंडमधे ब्रॉटन इथला झुलता पूल सैनिक तालात चालत जाताना कोसळला, आणि तेव्हापासून पूल ओलांडताना ताल मोडून चाला असा हुकूम सैन्यात पडला. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. तिथे कोणी कवायत करत नव्हतं. पूल बाजूला जरासा सरकला, लोकांनी तोल सावरायला नकळत पाय फाकून टाकले, सगळ्यांची पावलं आपोआप एकत्र आली आणि डुलणं वाढत गेलं. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून तो परत उघडला २००२ मधे.

जंगलातल्या पुलावरही नेमकं हेच होतं. पूल हलला की माणूस घाबरून पाय रुंद टाकतो, त्याने तो अजून हलतो. उपाय उलटा आहे: लहान पावलं, हळू, फळीच्या मधोमध, आणि पुढच्याचा ताल न पकडता. पुढचा माणूस पलीकडच्या माचीवर पोचेपर्यंत थांबलात तर अर्धं हलणं गायब.

## झाडाला त्रास होत नाही का?

चुकीचं बांधलं तर होतो, आणि खूप होतो. झाडाच्या सालीच्या लगेच आत एक थर असतो, पानात तयार झालेलं अन्न त्यातूनच खाली मुळांपर्यंत जातं. झाडाभोवती तारेचा फास घट्ट आवळला तर तो थर चेपतो, मुळं उपाशी राहतात, आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या वाळतं. बोट सुजल्यावर अंगठी रुतते ना, तसंच, फक्त झाडाला अंगठी काढता येत नाही. खिळे ठोकले तर जखमेतून बुरशी आणि कीड शिरते. त्यामुळे काकुममधे झाडांना खिळे-बोल्ट न मारता पोलादी दोर खोडाभोवती गुंडाळून पूल बांधलेत. अशा कामात दोर आणि साल यांच्यात लाकडाचे ठोकळे घालायची पद्धत आहे, म्हणजे भार ठोकळ्यांवर वाटला जातो, बाकी साल मोकळी राहते आणि खोडाला जाड व्हायला जागा मिळते.

इथे हमखास पुढचा प्रश्न येतो: झाड वाढलं की पूलही वर जात असेल? मलाही हेच वाटायचं. नाही जात. झाडाची उंची फक्त शेंड्याकडून वाढते, खोडाचा खालचा भाग तिथल्या तिथे राहतो, फक्त जाड होतो. दहा वर्षांपूर्वी खोडावर छातीच्या उंचीला कोणी नाव कोरलं असेल तर ते आजही छातीच्याच उंचीला असतं, रुंद झालेलं असतं एवढंच. पूल वर सरकत नाही, पण फास मात्र दरवर्षी थोडा घट्ट होतो. म्हणून दोर सैल करणं, ठोकळे सरकवणं, झाड आतून पोकळ झालंय का तपासणं हे काम कधीच संपत नाही. एखादा पूल "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी दिसली तर लोक चरफडतात. मला तर ती पाटी बघून बरं वाटतं.

## "गेलो होतो, एकही प्राणी दिसला नाही"

ही तक्रार शंभरातल्या नव्वद लोकांची असते, आणि खरी असते. काकुमच्या जंगलात हत्ती आहेत, आफ्रिकेतले दाट जंगलात राहणारे हत्ती, गवताळ भागातल्यांपेक्षा आकाराने लहान. माकडं आहेत. पुलावरून यातलं काही दिसेल या आशेवर जाऊ नका. हत्ती खाली तळघरात, मधे तीन मजले पानं. माकडं तुमचा आवाज फर्लांगभर अलीकडून ऐकतात. बरेच सस्तन प्राणी रात्री फिरतात आणि तुम्ही जाता सकाळी अकराला, पन्नास माणसांच्या आरडाओरड्यात.

प्राण्यांचा नाद सोडा आणि झाडच बघा. माचीवर थांबलो तेव्हा मला सगळ्यात आधी पानं दिसली. शेंड्याकडची पानं लहान, जाड, जरा चामड्यासारखी, आणि खाली सावलीतली मोठी, पातळ, गडद. एकाच झाडावरसुद्धा हा फरक असतो. वर ऊन भरपूर, पण वारा आणि उष्णता पाणी ओढून घेते, म्हणून पान लहान आणि जाड. खाली पाणी भरपूर, उजेडाची मारामार, म्हणून पान पसरट. पावसाच्या जंगलाचा सगळ्यात वरचा मजला दुपारी चक्क कोरडा आणि तापलेला असतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. चालताचालता घाम वाळला तेव्हा कळलं. खाली तासभर तोच घाम अंगाला चिकटून होता.

मग फांद्यांवरची वसाहत बघा. ऑर्किड, नेचे, शेवाळ, असं काय काय. आपण सरसकट सगळ्याला बांडगूळ म्हणून मोकळे होतो, पण तो अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड आणि नेचे तसं काही करत नाहीत, ते फांदीवर फक्त बसतात, पावसाचं पाणी आणि साठलेला कचरा यावर जगतात. उजेड हवा होता, खोड बांधायचा खर्च परवडत नव्हता, म्हणून वरच्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली, बरं भाडंही देत नाहीत. यांना अपिवनस्पती म्हणतात.

यांच्यातच एक लबाड भाडेकरू असतो, वडा-उंबराच्या कुळातला. पक्ष्याच्या विष्ठेतून बी वर फांदीवर पडतं, रोप तिथेच रुजतं आणि मुळं वरून खाली सोडतं, इमारतीच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळासारखं. मुळं जमिनीला लागली की जाड होत जातात, मूळ झाडाभोवती जाळं विणतात, आणि काही दशकांनी आतलं झाड मरून कुजून जातं, उरतो पोकळ जाळीचा खांब. मालक गेला, भाडेकरू घरमालक झाला. खालून बघताना ते नुसतं जाड खोड दिसतं, वरून बघताना कथा कुठून सुरू झाली ते दिसतं.

## जंगलाची जत्रा करून ठेवली, असं नाही का?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पूल बांधताना काही ना काही तुटतं, माणसं आवाज करतात, कचरा टाकतात. पण एक हिशोब लक्षात घ्या: पन्नास माणसं जमिनीवरून चालली तर माती दाबली जाते, उघडी मुळं तुडवली जातात, रोपं मरतात आणि पायवाट दरवर्षी रुंदावते. तीच माणसं पुलावर असली तर जमिनीला पाय लागत नाही. आणि काकुम पार्क केवढा, तर ३५० चौरस किलोमीटरच्या वर. पूल ३५० मीटर. म्हणजे मोठ्या मैदानाच्या एका कोपऱ्यात ओढलेली खडूची रेघ.

खरा अवघड प्रश्न दुसराच आहे. १९९२ मधे काकुमला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला तेव्हा आसपासच्या गावांचं जंगलात शिकारीला, लाकडाफाट्याला जाणं बंद झालं. भोवती कोकोची आणि इतर शेती आहे, हत्ती रात्री बाहेर येऊन पिकं खातात. तिकिटाचे पैसे एकीकडे आणि नुकसान झालेला शेतकरी दुसरीकडे. तिथे यावर मिरचीचा प्रयोग झाला, शेताभोवती दोर बांधून त्याला ग्रीसमधे कालवलेली तिखट फासायची, हत्तीच्या नाजूक सोंडेला ते झोंबतं आणि तो मागे फिरतो. पाऊस जोरात पडला की मिरची परत फासा. पर्यटकाला यातलं काही दिसत नाही, आम्हालाही कोणी दाखवलं नाही, पण पूल जंगल वाचवतो असं जेव्हा कोणी छातीठोकपणे सांगतं तेव्हा मला तो मिरची फासणारा शेतकरी आठवतो.

## उंचीची भीती वाटते, जाऊ का?

आधी एक गोष्ट. उंचावर गरगरणं हा सगळा भित्रेपणा नसतो. आपण तोल सांभाळतो त्यात डोळ्यांचा मोठा हात असतो, जवळच्या स्थिर वस्तू बघून मेंदू ठरवतो की मी सरळ उभा आहे. उंचावर जवळ काहीच नसतं, जमीन लांब, झाडं लांब, त्यामुळे डोळ्यांकडून येणारा हिशोब कच्चा पडतो आणि शरीर डोलायला लागतं, त्यात पूलही डोलतोय. म्हणून खाली बघू नका हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. मग बघायचं कुठे? समोरच्या झाडाच्या खोडाकडे, जिथे पूल बांधलाय तिथे. ते तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं आणि स्थिर. आणि हात दोराला हलका लावून ठेवा, करकचून धरू नका, धरलात की पुलाचा प्रत्येक हेलकावा थेट खांद्यात येतो.

बाकी चक्कर येण्याचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर टांगत्या पुलाच्या भानगडीत न पडता खांबांवरचा कडक रस्ता असलेली जागा निवडा. दिसतं तेच. आणि झाडावर चढावं लागतं हा गैरसमज काढून टाका, काकुममधे तुम्ही टेकडीवरून निघता, पूल आपला समोर जातो आणि जमीन खाली खाली निघून जाते.

## जाताना

घानाला जाणार असाल तर पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. मलेरियाचं डॉक्टरांना विचारून घ्या. काकुम हे केप कोस्ट शहरापासून उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर, त्यामुळे शहरात मुक्काम करून पहाटे निघता येतं, आणि निघाच, दार उघडताना पोचलात तर पक्षीही दिसतील आणि रांगही नसेल. वीज कडाडायला लागली किंवा जोराचा वारा सुटला की असे पूल बंद ठेवतात, तिथल्या माणसाशी त्यावरून वाद घालू नका, उंच झाडाला बांधलेली लोखंडी तार आणि वीज यांचं गणित तुम्हालाही येतं.

बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला नकोत. पाठीवरची सॅक छोटी असू दे. छत्री अजिबात नको, दोन्ही हात मोकळे हवेत. खिशातल्या वस्तूंना चेन किंवा दोरी. माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण तिसऱ्या पुलावर हातातून सुटलं, जाळीच्या भोकातून खाली गेलं, आणि मी बराच वेळ कान देऊन थांबलो, पण पडल्याचा आवाज काही आला नाही.

वेळ किती लागतो असं सगळे विचारतात. न थांबता गेलात तर सातही पूल पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि बहुतेक लोक तेवढ्यातच उरकतात. मी उरलेल्या चार पुलांनाच पाऊण तास लावला. त्यातला निम्मा वेळ पाचव्या माचीवर, एका फांदीच्या बेचक्यात साठलेल्या मूठभर काळ्या मातीकडे बघत, त्यात मुंग्यांची ये-जा चालली होती. अजूनही थांबलो असतो, पण मागून एका शाळेची सहल आली, पुढची दोन पोरं आधीच पुलावर उड्या मारायला लागली होती, मास्तर ओरडत होते, आणि मला जागा मोकळी करावी लागली.